माझदाच्या रोटरीचा विजय

'ल मां' या फ्रान्समधील २४ तासांच्या शर्यतीत माझदाने १९८३ मध्ये उतरवलेल्या ७१७ सी गाडीच्या इंजिनात दट्ट्यांऐवजी दोन त्रिकोणी रोटर फिरत होते. १९८६ च्या ७५७ मध्ये तीन, तर १९८८ च्या ७६७ मध्ये चार रोटर आले. १९९० मध्ये मात्र दोन्ही नव्या ७८७ गाड्या अर्ध्यावरच बंद पडल्या. १९९१ च्या ७८७ बी ला नियमांची साथ लाभली: तिचे किमान वजन ८३० किलो, तर मर्सिडीज व जग्वारचे १००० किलो. ही सवलत किरकोळ नव्हेच. अखेरच्या तासांत आघाडीवरील मर्सिडीज थांबली आणि माझदा ही शर्यत जिंकणारी पहिली जपानी कंपनी ठरली. १९९२ मध्ये नियम बदलले. माझदाला दट्ट्यांच्या इंजिनाकडे वळावे लागले.