खेळाचा संगणक : आधी जुळणी, मग खरेदी

होटगी जंक्शनवर मुख्य लोहमार्गाला विजापूरकडे जाणारा फाटा फुटतो. हा फाटा पूर्वी मीटरगेज होता; त्याचे डबे ब्रॉडगेज रुळांवर चालत नसत. थोड्या पैशांत खेळांसाठी संगणक जोडतानाही भागांचा असा मेळ आधी पाहावा. डीडीआर-४ व डीडीआर-५ या दोन्ही रॅमपट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू असतात. पण खाच निराळ्या जागी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. म्हणून प्रथम प्रोसेसर ठरवावा, मग त्याच्या सॉकेटचा मदरबोर्ड, मग त्या बोर्डाला चालणारी रॅम. पडद्यावरची चित्रे घडवण्याचे काम मुख्यतः ग्राफिक्स कार्डाचे. पैशांचा मोठा वाटा त्यासाठी राखावा. मात्र प्रोसेसर फारच मंद असेल, तर महागडे कार्डही त्याची वाट पाहत बसते आणि पैसे वाया जातात!