संगणकभाषांची जडणघडण, लेखांक ११ : नसलेल्या फंक्शनांची कुरकुर

प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेसोबत फंक्शनांचा एक तयार संच मिळतो. ठरावीक काम करून उत्तर परत देणारा, नाव दिलेला सूचनासमूह म्हणजे फंक्शन, आणि भाषेबरोबरच येणारा असा संच म्हणजे तिची स्टँडर्ड लायब्ररी. या संचात काय असावे यावरून प्रोग्रामरमंडळींत सतत कुरकुर चालू असते आणि तिचा सूर बहुधा एकच असतो, तो असा की काम दोन-चार ओळींचे आहे, जो तो ते आपापले लिहीत बसतो, मग भाषेनेच ते का दिलेले नाही? गूगलमध्ये तयार झालेल्या ‘गो’ या भाषेची पहिली स्थिर आवृत्ती २०१२ मध्ये आली, पण दोन पूर्णांकांपैकी लहान कोणता हे सांगणारे अंगभूत फंक्शन मिळायला २०२३ चा ऑगस्ट उजाडावा लागला; दशांश संख्यांसाठी तसे फंक्शन स्टँडर्ड लायब्ररीत होते, पूर्णांकांसाठी मात्र प्रत्येकाने आपले आपण लिहायचे, अशी अकरा वर्षांची रीत होती.

ही कुरकुर केवळ आळसातून येते असे मानणे बरोबर नाही, कारण हाताशी योग्य सोय नसली की माणूस जवळची दिसणारी चुकीची सोय वापरतो. पायथन भाषेत मजकुराच्या सुरुवातीची अक्षरे गाळणारे ‘एलस्ट्रिप’ नावाचे फंक्शन पूर्वीपासून आहे. एखाद्या ग्रामपंचायतीच्या लाभार्थी यादीत प्रत्येक नावाआधी ‘श्री.’ लिहिलेले असून ते काढायचे आहे असे समजा, आणि त्यासाठी या फंक्शनाला ‘श्री.’ आणि त्यापुढची मोकळी जागा एवढा तुकडा दिला आहे असे समजा. ‘श्री. गजानन’ याचे ‘गजानन’ होते आणि सगळे ठीक वाटते, परंतु ‘श्री. रमेश’ याचे ‘मेश’ होते आणि ‘श्री. शरद’ याचा तर नुसता ‘द’ उरतो. कारण हे फंक्शन दिलेला तुकडा अखंड शोधत नाही. त्यातील श, हलन्तचिन्ह, र, दीर्घ ईची वेलांटी, टिंब आणि मोकळी जागा यांपैकी काहीही समोर येत राहील तोवर ते गाळत जाते. नेमका आरंभीचा तुकडा काढणारे ‘रिमूव्हप्रीफिक्स’ हे फंक्शन पायथनच्या ३.९ या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२० मध्ये आले, आणि ते घेण्यामागे लोकांचा जुन्या फंक्शनाबाबत होणारा हा गोंधळ हेही एक कारण होते.

यापेक्षा मोठी आणि आपल्याकडच्या प्रत्येक कार्यालयाला भिडणारी उणीव आकड्यांच्या मांडणीची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ आहे, आणि ती अशीच, म्हणजे शेवटचे तीन अंक सोडून पुढे दोन-दोन अंकांनंतर स्वल्पविराम देऊन लिहिली जाते. पायथनने संख्येत स्वल्पविराम घालण्याची सोपी सोय २००९ च्या सुमारास स्वीकारली, ती मात्र हजारांच्या गटांपुरती. त्यामुळे हीच लोकसंख्या तेथे २,५८६,२५८ अशी उमटते आणि वाचणाऱ्याला लाख मोजायला बोट लावावे लागते. लाखांची मांडणी हवी असेल तर कार्यप्रणालीत भारतीय ‘लोकेल’, म्हणजे एखाद्या प्रदेशाच्या लेखनसंकेतांचा संच, बसवलेला असावा लागतो आणि तो निवडला की सगळ्या प्रोग्रामला एकदम लागू होतो. जावा भाषेच्या आकडेमांडणीच्या वर्गाचे अधिकृत वर्णन तर याबाबत स्पष्टच आहे: नमुन्यात स्वल्पविराम कितीही दिले तरी फक्त शेवटच्या गटाचे अंतर पाळले जाते, बाकीचे सोडून दिले जाते. भारतीय नमुना त्या वर्गाला दाखवता येतो, पाळायला लावता येत नाही. जावास्क्रिप्टची स्थिती बरीच बरी आहे, तिच्यात भारतीय संकेत मागितला की लाख-कोटी मिळतात आणि मराठी मागितला तर अंकही देवनागरी होतात. पण गंमत अशी की देवनागरीत लिहिलेला ‘२५’ वाचायला दिला तर तीच भाषा ‘ही संख्या नव्हे’ असे उत्तर देते. पायथनचे याच्या उलट आहे, ती देवनागरी अंक निमूटपणे वाचते, लिहिताना मात्र इंग्रजी अंकच लिहिते.

मग प्रोग्रामर स्वतः फंक्शन लिहितो. शेवटचे तीन अंक बाजूला काढायचे, उरलेल्यांचे उजवीकडून दोन-दोनांचे गट करायचे आणि स्वल्पविरामांनी जोडायचे, एवढेच काम असल्यामुळे ते पाच मिनिटांत होते आणि २५,८६,२५८ वर बरोबर चालते. पण खामगावच्या एखाद्या कापूस व्यापाऱ्याच्या खातेवहीत उणे १०० ची बाकी आली की शेवटचे तीन अंक वेगळे काढल्यावर नुसते उणेचे चिन्ह उरते, तोही एक गट समजला जातो आणि कागदावर ‘-,१००’ असे छापले जाते. एक्सेलमध्ये लाखांसाठी जो तीन भागांचा सानुकूल नमुना हातोहात फिरतो त्याचेही दुखणे हेच आहे: त्यात फक्त दोन अटी घालता येतात, एक कोटीची आणि दुसरी लाखाची, आणि प्रत्येक ऋण संख्या लाखाहून लहान असल्यामुळे ती तिसऱ्या भागात जाऊन हजारांच्या मांडणीत दिसते. नफ्याच्या रकान्यात लाख आणि तोट्याच्या रकान्यात मिलियनचा थाट, असा तो ताळेबंद होतो.

भाषा घडवणाऱ्यांची बाजूही ऐकण्याजोगी आहे. सी-शार्प भाषेच्या गटात प्रत्येक नवी सूचना उणे शंभर गुणांपासून सुरू होते, असा दंडक एरिक गनरसन यांनी २००४ मध्ये लिहून ठेवला, कारण एकदा दिलेले फंक्शन शिकवावे लागते, तपासावे लागते आणि जन्मभर सांभाळावे लागते. जावास्क्रिप्टमध्ये एकात एक असलेल्या याद्या सपाट करणाऱ्या फंक्शनाला ‘फ्लॅटन’ हे नाव देण्याचे ठरले होते, परंतु मूटूल्स या जुन्या लायब्ररीत त्याच नावाचे फंक्शन असल्याने अनेक जुनी संकेतस्थळे मोडतील हे २०१८ मध्ये ध्यानात आले आणि नाव ‘फ्लॅट’ करावे लागले. पायथनने तर मागणी उरली नाही म्हणून २०२४ च्या ३.१३ या आवृत्तीत १९ जुनी मॉड्यूले काढून टाकली. हे सर्व मान्य केले तरी एक आक्षेप उरतो. ‘सर्वांना लागणारी’ सोय कोणती, हे मागणी करणारे कोठे बसलेले आहेत त्यावर ठरते. भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि नेपाळ मिळून जी मांडणी वापरतात ती प्रादेशिक समजून लोकेलच्या कपाटात जाते आणि हजारांची मांडणी सार्वत्रिक म्हणून भाषेच्या अंगणात राहते, यात संख्याबळाचा हिशेब कोठेच दिसत नाही.

मजकुराची लांबी मोजण्याचा प्रश्न मात्र खरोखरच अवघड आहे आणि तेथे कुरकुर करणाऱ्यांनी थोडे थांबायला हवे. सातबाऱ्यावरील ‘क्षेत्र’ हा शब्द घ्या. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतानुसार तो क, हलन्तचिन्ह, ष, एकमात्रा, त, हलन्तचिन्ह आणि र अशा सात संकेतांनी बनतो, म्हणून जावास्क्रिप्ट आणि पायथन त्याची लांबी ७ सांगतात. साठवणुकीच्या यूटीएफ-८ पद्धतीत यातील प्रत्येकाला तीन बाइट लागत असल्यामुळे गो भाषेतील लांबीचे फंक्शन २१ सांगते. आणि शेगाव-मेहकरच्या शाळेतील कोणतेही मूल २ सांगेल. वाचकाला एकसंध वाटणारा संकेतांचा गट कोठे तुटतो याचे नियम युनिकोडने दिलेले आहेत, पण देवनागरी जोडाक्षर मधून तोडू नये हा नियम त्यांत १५.१ या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या नियमांनी याच शब्दाचे गट ४ होत. लांबीप्रमाणेच मजकूर उलटा करण्याचेही आहे: चिखली हे नाव संकेतवार उलटे केले तर वेलांटी आधाराविना सुरुवातीलाच लटकते आणि पुढची ऱ्हस्व वेलांटी चला सोडून खला जाऊन चिकटते.

अशा स्थितीत सोयीचे फंक्शन द्यायचे तर कोणती लांबी द्यायची, यावर भाषांनी निरनिराळे निर्णय घेतले. ॲपलच्या स्विफ्टने २०१४ पासून वाचकाला दिसणाऱ्या गटांनाच अक्षर मानले आणि त्यापायी मोजणी मंदावली तरी ते पत्करले. रस्ट या भाषेने २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती काढताना ही गटमोजणी स्टँडर्ड लायब्ररीबाहेर ठेवली, म्हणजे युनिकोडचे नियम बदलत राहिले तरी या मोजणीसाठी भाषेची आवृत्ती त्यांना बांधलेली राहत नाही. रस्ट वापरणाऱ्याला त्यासाठी वेगळे पॅकेज जोडावे लागते, पण २०२३ चा जोडाक्षरांचा नियम आला तेव्हा भाषेच्या नव्या आवृत्तीची वाट न पाहता तेवढे एक पॅकेज बदलून काम भागण्याची सोय त्यामुळेच राहिली.