केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर

केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर ही केटीएम या ऑस्ट्रियन कंपनीची एक सिलिंडर असलेली मोटारसायकल आहे. तिचे उत्पादन पुणे जिल्ह्यातील चाकण येथे बजाज ऑटोच्या कारखान्यात होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये इटलीतील मिलान येथील वाहन प्रदर्शनात ती प्रथम सादर झाली. २०२० पासून भारताबरोबरच अमेरिकेतही तिची विक्री सुरू झाली.

वाहनप्रकार

पक्क्या रस्त्यावरील लांबचा प्रवास आणि कच्ची वाट या दोहोंसाठी बनवलेल्या मोटारसायकलींना अ‍ॅडव्हेंचर असे म्हणतात. त्यांची जमिनीपासूनची उंची जास्त, पुढचे चाक मोठे आणि हँडल रुंद असते. चालक ताठ बसतो आणि खडकाळ वाटेवर पायटेकांवर उभा राहूनही गाडी चालवू शकतो. स्पोर्ट टूरिंग गाड्या मात्र केवळ पक्क्या रस्त्यावर वेगाने लांब पल्ला गाठण्यासाठी असतात. १९८० मधील बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस ही अ‍ॅडव्हेंचर प्रकारातील आरंभीची गाडी मानली जाते. डकार शर्यतीमुळे हा प्रकार लोकप्रिय झाला. या शर्यतीच्या मोटारसायकल गटात केटीएमने २००१ ते २०१९ या काळात सलग १८ वेळा विजय मिळवला.

पार्श्वभूमी

बजाज ऑटोचा चाकण येथील कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. नोव्हेंबर २००७ मध्ये बजाजने केटीएमचे १४.५ टक्के भागभांडवल घेतले आणि पुढे हा हिस्सा वाढवत नेला. या सहकार्यातून १२५ ड्यूक (२०११), २०० ड्यूक (२०१२) आणि ३९० ड्यूक (२०१३) या गाड्या चाकणमध्ये तयार झाल्या. १२५ ड्यूक प्रथम युरोपच्या बाजारासाठी बनवण्यात आली. बजाजला यातून उच्च क्षमतेच्या इंजिनांचे तंत्र व परदेशी बाजारपेठ मिळाली, तर केटीएमला कमी खर्चात मोठ्या संख्येने लहान गाड्या बनवता आल्या. ३९० अ‍ॅडव्हेंचर ही ३९० ड्यूकच्याच इंजिनावर आधारलेली आहे.

रचना

पहिल्या पिढीतील गाडीचे इंजिन ३७३ घन सेंटिमीटरचे, द्रवशीतित असून त्याची शक्ती सुमारे ४३ अश्वशक्ती आहे. गिअर सहा आहेत. इंधनटाकीत १४.५ लिटर पेट्रोल मावते. पुढचे चाक १९ इंचांचे, तर मागचे १७ इंचांचे आहे. वळणावरही काम करणारी एबीएस यंत्रणा आणि चाक घसरू न देणारे नियंत्रण ही वैशिष्ट्ये या किमतीच्या गाड्यांत तेव्हा क्वचितच आढळत. सुरुवातीला चाके मिश्रधातूची ओतीव होती. अशी चाके दगडावर आदळल्यास वाकण्याची किंवा तडकण्याची शक्यता असते. म्हणून कच्च्या वाटेसाठी तारांची चाके अधिक योग्य समजली जातात. २०२३ मध्ये भारतात तारांच्या चाकांची आवृत्ती आली.

अमेरिकेतील विक्री

अमेरिकेत अ‍ॅडव्हेंचर गाड्या म्हणजे मोठ्या, जड व महाग असे समीकरण दीर्घकाळ होते. ३९० अ‍ॅडव्हेंचरची तेथील आरंभीची किंमत ६,१९९ डॉलर होती. त्यामुळे नवशिक्या आणि हलकी गाडी हवी असणाऱ्या चालकांना हा प्रकार आवाक्यात आला. अमेरिकेत विक्रीपूर्वी केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेचे धूर-उत्सर्जन प्रमाणपत्र लागते. कॅलिफोर्निया राज्याचे त्याबाबतचे नियम वेगळे आहेत.

या बाजारपेठेत तिचे काही स्पर्धकही भारतीय बनावटीचेच आहेत. बीएमडब्ल्यू जी ३१० जीएस ही गाडी टीव्हीएस कंपनीने तमिळनाडूतील होसूर येथे बनवली. रॉयल एनफील्डची हिमालयन ही गाडी २०१८ मध्ये अमेरिकेत पोहोचली. चाकणमध्येच बनणारी ट्रायम्फ स्क्रॅम्बलर ४०० एक्स २०२४ पासून तेथे उपलब्ध आहे.

दुसरी पिढी

नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर झालेल्या दुसऱ्या पिढीत ३९९ घन सेंटिमीटरचे इंजिन व नवा सांगाडा आहे. ३९० अ‍ॅडव्हेंचर आर या आवृत्तीला पुढे २१ इंचांचे तारांचे चाक देण्यात आले.

आर्थिक संकट व मालकीबदल

न विकलेल्या गाड्यांचा मोठा साठा आणि कर्जाचा बोजा यांमुळे नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस केटीएमने ऑस्ट्रियात दिवाळखोरीविषयक पुनर्रचनेसाठी अर्ज केला. मॅटिगहोफेन येथील उत्पादन काही महिने थांबले. फेब्रुवारी २०२५ मध्ये धनकोंनी देण्यांच्या ३० टक्के रकमेवर तडजोड मान्य केली. ही रक्कम उभारण्यास बजाजने अर्थसाहाय्य दिले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीचे नियंत्रण आपल्याकडे घेतले. अल्प हिस्सा घेऊन तंत्र मिळवू पाहणारा भागीदार अशा रीतीने १८ वर्षांनी मालक झाला.

याच काळात, ऑगस्ट २०२५ मध्ये, अमेरिकेने भारतातून येणाऱ्या अनेक वस्तूंवरील आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले. कमी किंमत हाच मुख्य आधार असलेल्या गाड्यांच्या निर्यातीवर अशा शुल्काचा परिणाम थेट होतो. सप्टेंबर २०२५ पासून भारतातही ३५० घन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनांच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला.