बोन स्कॅनमध्ये हाडाला नेमकं काय चिकटतं?

मेहकरहून आत्याचा फोन: "काय रे, बोन स्कॅनमध्ये हाडात करंट सोडतात काय?" मी न्यूक्लियर मेडिसिनमध्येच काम करतो, म्हणून सगळ्यांसाठी लिहितो.

करंट नाही. शिरेतून किरणोत्सारी टेक्नेशियम-९९एम जोडलेलं एमडीपी नावाचं औषध देतात. एमडीपी हे फॉस्फेटचं चुलतभावंड. हाडातल्या कॅल्शियम-फॉस्फेटच्या स्फटिकांवर जाऊन चिकटतं.

जिथे नवं हाड घडतंय, रक्तपुरवठा वाढलाय, तिथे जास्त. म्हणून जुळणारं फ्रॅक्चर, झिजलेला गुडघा, पसरलेला कॅन्सर, तिन्हींचे डाग स्कॅनवर उमटतात. नुसता डाग बघून रडारड नको!

इंजेक्शननंतर दोन-चार तास थांबवतात, कारण न चिकटलेलं औषध लघवीतून जावं लागतं. पाणी भरपूर प्या. टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य ६ तासच, म्हणून किरणोत्सार लवकर ओसरतो.

गरोदर असाल तर आधीच सांगा. बाकी शंका कमेंटमध्ये विचारा.