सभा पाहा, बोलायचे मात्र दुसरीकडे

तुर्भ्यातल्या नागरिकाला बेलापूरच्या मुख्यालयात जाऊन नवी मुंबई महापालिकेची सर्वसाधारण सभा पाहता येते. कायद्याने ती खुलीच असते. हजर नगरसेवकांनी बहुमताने ठरवले, तरच दारे बंद. बोलायचा अधिकार मात्र प्रेक्षकाला नाही. गोंधळ घातला तर पीठासीन अधिकारी बाहेर काढतात. मग तुंबलेल्या गटाराचे गाऱ्हाणे मांडायचे कुठे? नगरसेवकामार्फत, नाहीतर तुर्भे विभाग कार्यालयात लेखी अर्ज देऊन. पोच घ्यायला विसरू नये. खरी जागा क्षेत्रसभेची. ग्रामसभेसारखी ही मतदारांची सभा २००९च्या दुरुस्तीने कायद्यात आली, पण राज्यभर ती बहुतेक कागदावरच राहिली. त्यात मे २०२०नंतर कित्येक वर्षे इथे नगरसेवकच नव्हते. कारभार प्रशासकाच्या हाती होता.