सरहद्दीच्या दारातली गावे

पश्चिम बंगालमधील बनगावजवळचे पेट्रापोल हे बांगलादेशाकडे उघडणारे आपले सर्वांत मोठे दार. दोन्ही देशांतला खुष्कीच्या मार्गाने होणारा सुमारे ७० टक्के व्यापार येथून चालतो. कोलकात्याला औषधोपचारासाठी येणारी आणि नातलगांना भेटायला जाणारी कुटुंबेही याच वाटेने ये-जा करतात.

या दारावर सरकारने सढळ हाताने खर्च केला. २०१६ मध्ये एकात्मिक तपासणी नाके सुरू झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ४८७ कोटींचे नवे प्रवासी टर्मिनल उघडले. पण नाक्याकडे नेणारा जेसोर रोड अरुंदच राहिला. त्यावरील पाच उड्डाणपुलांसाठी ३५६ जुनी झाडे तोडण्याचा वाद न्यायालयात गेला. परवानगी मिळाली ती थेट २०२३ मध्ये. मालमोटारींच्या रांगा आणि धूळ सोसतात ती रस्त्याकाठची घरे.

अशा गावांसाठी वेगळा पैसा असतो. १९८६-८७ पासून सीमाक्षेत्र विकास कार्यक्रमातून रस्ते, शाळा, दवाखाने, पाणी यांची कामे होत आली. एप्रिल २०२५ मध्ये 'व्हायब्रंट व्हिलेजेस'च्या दुसऱ्या टप्प्याला ६,८३९ कोटी मंजूर झाले. त्यात पश्चिम बंगालही आहे.

आमचे म्हणणे एवढेच : दाराची शोभा मोजताना उंबऱ्याआतले घरही मोजा. बाळंतिणीला दवाखाना किती दूर, मुलगी शाळेत निर्धास्त जाते का, हे ग्रामसभेत बायाबापड्यांनाच विचारा. निधीचा खरा हिशेब त्यांच्याकडे आहे.