दवाखाना सांभाळून नाटक

जुनी नाटकवाली माणसं गप्पांना बसली की भूमिकांपेक्षा दौऱ्यांवरच जास्त रंगतात. बसमधली झोप, आयत्या वेळी गळालेला नट, अडकलेली नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन. पण 1960 ते 1980 या काळाच्या गप्पा असतील, तर एक प्रश्न त्यांत सहसा निघत नाही: या मंडळींचं घर कशावर चालायचं?

त्या काळातले डॉक्टरच बघा ना. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. हे तिघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे. लागू आफ्रिकेत डॉक्टरकी करून आलेले. 1969 मध्ये ‘इथे ओशाळला मृत्यू’च्या वेळी ते पूर्णवेळ नट झाले, तेव्हा चाळिशी उंबरठ्यावर नव्हे, घरात आलेली होती. पुढच्याच वर्षी डिसेंबरात ‘नटसम्राट’ आलं, म्हणून आज तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

याच जब्बार पटेलांनी बसवलेलं ‘घाशीराम कोतवाल’ 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात उभं राहिलं. दहा-बारा जणांची रांग गात, डुलत पुढे येते, प्रेक्षकांकडे पाठ फिरवते आणि तिच्यामागे प्रवेश बदलतो. माणसांचाच पडदा! एकाचा पाय चुकला तरी पडदा फाटणार. अशा बसवणुकीला तालमींचा रतीब लागतो, आणि नाईटवर जगणाऱ्या नटाला तो परवडत नाही. इथे बहुतेकांची मीठभाकरी दुसरीकडे शिजत होती. पुढे निर्मिती करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननेच नाटक थांबवलं, तेव्हा याच मंडळींनी बाहेर पडून 1973 मध्ये थिएटर अकॅडमी काढली. ती छाती खरीच, पण तिला पगाराचा टेकू होता.

निळू फुल्यांकडे पदवी नव्हती. पुण्यातल्याच लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करायचे, सेवा दलाच्या कलापथकातून वगनाट्यात आले आणि 1972 मध्ये ‘सखाराम बाइंडर’ झाले. सेन्सॉरने ते नाटक अडवलं, दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात लढले.

आज प्रायोगिक नाटक करणारी मुलं मालिकांच्या शूटिंगमधून तालमीला वेळ काढतात. त्यांना ‘आमच्या वेळची निष्ठा’ ऐकवणाऱ्या ज्येष्ठांनी आधी आपल्या वेळचा पगारही सांगावा.